चार सेकंद

तीस डिसेंबर, कुतैसीचा हिरवा बाजार.
हातमोज्यांची बोटं कापून मी अक्रोडाच्या ढिगामागे बसते
तेव्हा तो पोरगा येतो माईक घेऊन.
दर वर्षी पोरगा नवा, प्रश्न जुनाच:
"काकू, यंदा सणाचं ताट केवढ्याला पडणार?"

मी म्हटलं, बाळा, आधी बूट झटक, चिखल माझ्या पोत्यावर येतोय.
आणि मग सांगितलं सगळं.

की टर्कीचा भाव विचारू नये, टर्कीला पाणी पाजून आणतात
आणि ती तराजूत खोटं बोलते.
की सात्सिवीला अक्रोड तीनदा दळावा लागतो,
वरून दाबला की पिवळं तेल सुटलं पाहिजे,
नाही सुटलं तर अक्रोड मागच्या वर्षीचा,
आणि विकणारी मी नव्हे.
की गोझिनाकीचा मध गोळीबंद झाला
हे घड्याळ सांगत नाही, वाटीतलं गार पाणी सांगतं.
ओल्या पाटावर, ओल्या लाटण्याने, भराभर,
बोटं भाजतात, भाजू द्यायची,
गार व्हायच्या आत तिरकं कापायचं.
सुपरमार्केटात डब्यातली मिळते. त्यात साखरेचा पाक आहे.
दात चिकटतात, माणसं नाही.

शेजारचा वाझा मध्येच घुसला.
त्याच्याकडे चिचिलाकी, हेझलच्या फांद्या
चाकूने तासून तासून केलेल्या पांढऱ्या दाढ्या.
"प्लास्टिकचं झाड काय, दहा वर्षं टिकतं," तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला,
"पण सण संपल्यावर ते जाळता येतं का?
वर्षाची पीडा मग ठेवणार कुठे? माळ्यावर?"

पोरगा हसला. कॅमेरावाला थंडीने नाचत होता.
जाताना माईक काखेत मारून
पोरग्याने हळूच विचारलं, अर्धा किलो कसा दिला?
म्हणाला, आईने केलं नाही यंदा काही. का, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. मापावर एक मूठ जास्त टाकली,
आणि पैसे मात्र पुरते घेतले,
फुकट दिलं असतं तर त्याला कळलं असतं.

रात्री आठच्या बातम्या.
आधी टक्के. मग एक साहेब, त्यांच्यामागे आणखी टक्के.
मग तिबिलिसीच्या रस्त्यावरचे दिवे, मग मॉलमधली रांग,
एका बाईच्या गाडीत चार टीव्ही.
मग मी.
"महाग झालंय. काय करणार."
मोजून चार सेकंद.
हे मी दोन वाक्यांमध्ये दम घेताना बोलले होते.
वाझाचा तर नुसता कोपर दिसला.

दहा वाजता बारीहून माकाचा फोन.
आठ वर्षं झाली, तिथे एका म्हातारीला
अंघोळ घालते, औषधं देते, रात्री कूस बदलून देते.
"आई, दिसलीस! मी पाठवलेला स्कार्फ का नाही घातलास?"
घातला होता. स्वेटरच्या आत.
बाहेर घातला तर अक्रोडाची धूळ बसते.

मग म्हणाली, अठरा वेळा पाहिलं.
सिन्योरा फिलोमेना चश्मा लावून बघत होती,
तिने विचारलं, काय म्हणतेय ही बाई?
"मग? काय सांगितलंस?"
"सांगितलं, ती म्हणतेय मध चांगला असेल तर घाई करायची नाही,
आणि बोटं भाजतात तेवढी भाजू द्यायची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
इकडे पाट अजून ओलाच होता.

उद्या पहाटे मिनीबस निघते. तुर्कस्तान, मग ग्रीस, मग बोट.
ड्रायव्हर किलोमागे पैसे घेतो आणि म्हणतो,
काकू, हे नव्या वर्षाला नाही पोचायचं.
जुन्या तारखेच्या नव्या वर्षाला पोचेल, मी म्हणते,
आपल्याकडे दोन आहेत.
वर ठेव फक्त. सॉसेजच्या खाली नको.